डाव्या हाताची कात्री

गेली अठरा वर्षे दर महिन्याला माझे डोके मी ज्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपवितो, ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून चालविणारे गृहस्थ डावखुरे आहेत, हे मला पहिली पाचसहा वर्षे कळलेच नव्हते. मी वेंधळा आहे, याची साक्ष घरातली सारी मंडळी आनंदाने देतील. पण या बाबतीत थोडा दोष आरशाचाही आहे. खुर्चीत बसले की आपण समोर पाहतो, आणि आरशात डावखुरा मनुष्य उजवाच दिसतो. एकदा काही सांगायला म्हणून मान वळविली, तो कात्री भलत्याच हातात! 'भलत्याच' हा शब्द मी सहज लिहून गेलो. आता लिहिलाच आहे, तर राहू द्या.

आपली भाषाही या कामी मोठी पक्षपाती आहे. दोघांत सरस असेल तो उजवा ठरतो. ज्याला मान द्यायचा नसतो, त्याला आपण डावलतो. मुलीचे लग्न झाले की ती उजवली. तीर्थ घ्यायला पोराने डावा हात पुढे केला की आजीपासून भटजींपर्यंत सगळ्यांच्या तोंडून एकच उद्गार! वास्तविक दहांतले एखादे मूल डावा हात घेऊनच जन्माला येते, आणि काळीजही सर्वांचे डावीकडेच कललेले असते. पण काळजाला तीर्थ घ्यायला कोणी बोलावीत नाही.

तर कात्री. मी आजवर समजत होतो की कात्री ही चमच्यासारखी निष्पक्षपाती वस्तू आहे. ज्या हातात द्याल त्या हातात चालेल. "मास्तर, इतकी वर्षं शिकवलंत आणि एवढं ठाऊक नाही?" असे म्हणून त्यांनी एकदा गिऱ्हाईक नसताना मला कात्रीचे मर्म समजावून सांगितले. कात्रीची दोन पाती नुसती एकमेकांवरून सरकत नाहीत, ती एकमेकांना घासत सरकली पाहिजेत. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा नकळत बाहेर रेटतो, बोटे आत ओढतात, आणि त्या दाबाने पाती एकमेकांना बिलगतात. तीच कात्री डाव्या हातात द्या. अंगठा आणि बोटे आपला स्वभाव सोडीत नाहीत, पण तोच दाब आता पात्यांना एकमेकांपासून फाकवतो. मग केस कापला जात नाही. दोन पात्यांमध्ये दुमडून बसतो आणि गिऱ्हाईक 'हाय' करते. कापडाचे, कागदाचे एक वेळ निभावते. केसांचे निभावत नाही.

"मग उलटी धरायची," मी म्हणालो. मास्तरकी जात नाही. त्यांनी शांतपणे कात्री माझ्या हातात दिली. मी ती उताणी केली, पालथी केली, आणि दर वेळी ती उजव्या हाताचीच राहिली. जर्मन तत्त्वज्ञ कांट याला हे कोडे १७६८ साली पडले होते. डावा हात आणि उजवा हात यांचे प्रत्येक माप, प्रत्येक कोन जुळतो, तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. एका हाताचा मोजा दुसऱ्या हातावर चढत नाही, असे त्याने पुढे १७८३ च्या ग्रंथातही सांगितले. कांटला त्यातून अवकाशाचे स्वरूप शोधायचे होते. आमच्या गृहस्थांना सकाळपासून बारा डोकी उरकायची होती. त्यांना हवी ती कात्री जन्मभर त्यांच्या समोरच होती, पण ती आरशात.

मग त्यांनी केले काय? वडिलांची कात्री डाव्या हातात घेतली आणि अंगठ्याला स्वभावाविरुद्ध दाब द्यायला शिकविले. बाहेर रेटू पाहणारा अंगठा आत ओढून धरायचा. पहिली दोन वर्षे रात्री अंगठा ठणकत असे. पुढे सवय झाली, आणि सवयीचे कसब झाले. आज त्यांच्यासारखी कानामागची रेघ गावात कोणाला साधत नाही, हे मी माझ्या कानांच्या साक्षीने सांगतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून खास डावखुऱ्यांची कात्री आणली. नुसते दांडे उलट बसविलेली नव्हे (तसली फसवीही मिळते), तर पातीच उलट जोडलेली, खरी डावी. आम्ही दोघेतिघे कौतुकाने जमलो. त्यांनी कंगव्यावर केसांची बट उचलली, कात्री चालविली, आणि केस दुमडला! पुन्हा चालविली, पुन्हा तेच. पंचवीस वर्षे शिकविलेला अंगठा आता या कात्रीचीही पाती फाकवीत होता. ते हसले, कात्री पुसून खणात ठेवली, आणि वडिलांची कात्री हातात घेतली. मला मात्र हसू आले नाही.

खरा प्रश्न पुढेच उभा राहिला. गेल्या वर्षी त्यांचा भाचा धंदा शिकायला आला. तोही डावखुरा. त्याच्या हातात कोणती कात्री द्यायची?

मी अर्थातच न्यायाच्या बाजूने बोललो. म्हणालो, तुम्ही सोसलेत ते त्याने का सोसावे? सोसण्यातून कसब आले खरे, पण म्हणून ते सोसणे वारसा म्हणून पुढे द्यायचे काय? गांधीजींनी १९०९ साली आफ्रिकेला परतताना बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिले, तेव्हा उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. त्यात सक्ती नव्हती, आपखुशी होती. हात वाकविण्यात वाईट काही नाही. कोणी वाकविला एवढेच पाहायचे. आणि जोवर डावखुरे निमूट जुळवून घेतात, तोवर कात्री घडविणाऱ्याला आपली कात्री अपुरी आहे हे कळणार तरी कसे?

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मास्तर, बोलता ते खरं. पण उद्या हा दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागला, कात्री बोथट झाली, तर शेजारच्या कारागिराची मागून घेता येणार नाही. धारवाल्याकडे दिली तर तो सवयीनं उलटी धार लावून ठेवील. गावात दुसरी मिळत नाही. त्या दिवसाची मजुरी कोण देणार? जगाशी भांडायचं तर भांडू, पण पोराचा अंगठा ही काय भांडायची जागा?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही पुरते नाही. जग बदलेल या भरवशावर आपल्या मुलाला अडचणीत लोटणे आणि ते बदलणार नाही या भीतीने त्याला वाकविणे, यांपैकी माया कोणती? भीतीलाही मायेचेच रूप असते, म्हणून तर ती ओळखू येत नाही.

मी गप्प बसलो याला आणखीही एक कारण होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. पाटीवर त्याचे अक्षर मोत्यासारखे येई. मी त्याला उजव्या हाताने लिहायला लावले. मारले नाही, नुसते रोज, गोड बोलून, पेन्सिल या हातातून त्या हातात दिली. वर्षअखेर तो उजव्या हाताने लिहू लागला, त्याच्या वडिलांनी माझे आभार मानले, आणि मी ते स्वीकारले. त्याचे अक्षर पुन्हा तसे कधी आले नाही. पुढे जगात त्याची अडचण होऊ नये, एवढाच माझा हेतू होता. त्या वडिलांच्या आणि या मामाच्या बोलण्यात मला माझाच आवाज ऐकू आला, आणि फरक इतकाच की या मामाने तो अंगठ्याचा ठणका स्वतः भोगला होता. मी काहीच भोगले नव्हते.

शेवटी निवाडा भाच्यानेच केला. खणातली ती कात्री त्याने विचारून घेतली, आणि मामाच्या कात्रीवरही हात बसवायचा म्हणून दुपारी जुन्या गंगावनावर तिचा सराव करू लागला. दोन्ही येतात का, असे विचारले तर म्हणतो, "एक येते. दुसरी जमवतो."

परवा दिवाळीच्या आदल्या रविवारी सलूनमध्ये ही गर्दी. मामांनी माझी उजवी बाजू पुरी केली आणि तेवढ्यात त्यांच्या कात्रीचा स्क्रू सैल झाला. सवयीने त्यांनी भाच्याची कात्री उचलली, क्षणभर तिच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता त्याच्या हातात देऊन ते बाजूला झाले. डावी बाजू भाच्याने कापली. पोरगा जरा हळू कापतो, पण केस एकही ओढला गेला नाही. घरी आल्यावर मी मुद्दाम सर्वांसमोर दोन्हीकडून मान फिरवून दाखविली. कोणाच्या काही लक्षात आले नाही. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या की, मागे जरा जास्तच राहिलेत.