खोट दाखवावी काय?

मंडीदीप रायसेन जिल्ह्यात असले तरी त्याचा सारा व्यवहार भोपाळशी आहे. गावाला लागूनच महामार्ग जातो. ट्रकांचा आवाज, कारखान्यांची धूळ आणि मे महिन्याचा उन्हाळा यांपासून सुटका व्हावी म्हणून अशा गावात कोणी नव्या घराला दुहेरी काचांच्या खिडक्या करून घेतो. चर्चमधील खिडक्या लहानपणापासून पाहिलेल्या असतात, म्हणून तीत शिशाच्या पट्ट्यांची नक्षीही हवी असते. खिडकी बसते, ठेकेदार शेवटचा हप्ता मागावयास येतो, आणि त्याच सकाळी दिसते की एक पट्टी तिरपी गेली आहे व दोन काचांच्या मध्ये वाफ धरली आहे.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, आपण ख्रिस्ती माणसे, तंटा कशाला? दुसरा म्हणतो, एक पैसा देऊ नका. आम्हांला दोन्ही मते पटत नाहीत.

प्रथम खोट ही खरोखर खोट आहे काय, ते पाहावे. थंडीत खोलीच्या बाजूने काचेवर दव जमले व ते फडक्याने पुसले गेले, तर तो खोलीतील हवेचा ओलावा होय. कारागिराचा त्यात दोष नाही. वाफ दोन काचांच्या आत असेल व कोणत्याच बाजूने पुसली जात नसेल, तर मात्र कडेची बंदिस्ती फसली आहे. काचांमधल्या पोकळ पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात. ते एकदा ओलाव्याने भरले की ती काच बदलण्यावाचून इलाज नाही. शिशाचे तसे नाही. हाताने दिलेल्या डाखाचा सांधा थोडा उंचसखल असणारच, पण चिकटवलेली पट्टी कडेने सुटू लागली तर काच नीट न पुसताच ती लावली असण्याचा संभव आहे. आणि हे सारे दिवसाच्या उजेडात, दोन पावले मागे उभे राहून पाहावे. काचेला नाक लावून पाहिले तर कोणतेही काम नापास होईल!

मग खोट कोणाची? काचा बंद केल्या कारखान्यात, काम घेतले ठेकेदाराने, आणि शिडीवर चढला तो रोजंदारीवरचा पोरगा. वाफेशी त्याचा बहुधा काही संबंध नसतो, पण समोर सापडतो तो तोच. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. आपण हप्ता अडवला की ठेकेदार त्या पोराला सांगतो, मालकाने दिले नाहीत, तुला कोठून देऊ? हे आपल्याला ठाऊक नाही असे आपण म्हणू शकत नाही. म्हणून अडवावयाची ती रक्कम काचेपुरतीच अडवावी, आणि मजुरीचा भाग यात नाही असे ठेकेदारास लिहून द्यावे.

गप्प बसणे म्हणजे क्षमा नव्हे. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभू सांगतो की अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जावे, मग एकदोघांना बरोबर घेऊन. आपल्याकडे उलटे चालते. उपासना सुटल्यावर अंगणात सर्वांना कळते, फक्त ठेकेदारास कळत नाही, आणि पुढच्या घरी तो तशीच काच बसवतो.

ऐकलेच नाही तर कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पण ठेकेदार आपल्याच मंडळीतला असेल तर? भावाने भावावर फिर्याद करावी याबद्दल पौल करिंथकरांस रागावतो, अन्याय सोसणे बरे असेही सुचवतो. आमच्या मते हे सोसणे ज्याचे त्याने पत्करावयाचे असते. भविष्यनिर्वाह निधीतून खिडक्या करणाऱ्या विधवेवर दुसऱ्याने ते लादू नये. शिवाय तेथेच पौल विचारतो की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? तो प्रश्न पास्टोरेट कमिटीला आहे. ठेकेदाराची वर्गणी मोठी म्हणून कमिटी गप्प राहिली, तर त्या बाईला आयोगाकडेच जावे लागेल. तेव्हा तिची कागदपत्रे घेऊन तिच्याबरोबर जाणारा माणूस तरी मंडळीतला असावा.