शेजारी बसून

आमच्या कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर सकाळी सातपासून एक आवाज सुरू होतो. 'चाळीस रुपये प्राप्त झाले.' गाडीवाल्या दादांचे दोन्ही हात बेसनात असतात, डोळे कढईवर, फोन कुठेतरी खिशात. तरी पैसे आले हे त्यांना कळते, समोरच्या गिऱ्हाइकालाही कळते. 2016 मध्ये यूपीआय आले, तेव्हा पैसे जमा झाल्याचा मेसेज यायचा. पण ऐन गर्दीत तो वाचायला हात रिकामा कुठे असतो? पुढे हा बोलणारा डबा आला आणि खिशातला फोन खिशातच राहिला. मला नेहमी वाटते, हा डबा ज्याला सुचला तो आधी अशाच एखाद्या गाडीशेजारी बराच वेळ उभा राहिला असणार. काही न बोलता.

मी ॲप आणि वेबसाइटच्या डिझाइनचे काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पतसंस्थेचे ॲप आले. तिथले व्यवस्थापक जुने, सभासदांना नावानिशी ओळखणारे. पहिल्या बैठकीत ते तीनदा म्हणाले, 'मॅडम, लोगो जरा मोठा दिसू द्या. सभासदांना संस्था आपली वाटली पाहिजे.' आमच्या कामात 'लोगो मोठा करा' हे प्रत्येकाने ऐकलेले असते. आपण ते तेवढेच ऐकतो आणि पुढचे वाक्य हातून निसटते. साहेबांना हवे होते ते त्या दुसऱ्या वाक्यात होते. कच्चे ॲप घेऊन आम्ही शाखेत गेलो आणि बाकावर बसलेल्या एका काकूंना विचारले, आवर्त ठेवीचा हप्ता यावरून भरून पाहता का? त्या आनंदाने तयार झाल्या. साहेब एका बाजूला, मी दुसऱ्या. 'सादर करा' या बटणापाशी काकूंचे बोट थांबले. आम्हाला ते शब्द शुद्ध आणि भारदस्त वाटले होते. त्यांना प्रश्न पडला, काय सादर करायचे आणि कुणाला? बोट शेवटी पडले. हिरवी खूण उमटली आणि दोन सेकंदांत गेली. काकू पडद्याकडे पाहत राहिल्या. मग उठून खिडकीशी गेल्या आणि विचारले, 'माझे 500 रुपये जमा झाले का हो?' साहेब हळू आवाजात म्हणाले, 'आमचा पिग्मीवाला पावती हातात दिल्याशिवाय उंबरा सोडत नाही.' पिग्मी म्हणजे रोजची छोटी ठेव. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने ती 1928 मध्ये सुरू केली. दिवसाला दोन आणे टाकले तरी चालत. दोन आणे घ्यायलाही माणूस दारात यायचा, म्हणून लोकांनी पैसे विश्वासाने सोपवले. आम्ही ज्याला ब्रँड म्हणतो, तो या संस्थेच्या बाबतीत पिग्मीवाल्याच्या पावतीतच होता. लोगोचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही.

खरे सांगायचे तर त्या बाकावर मला सगळ्यात जड गेले ते गप्प बसणे. 'काकू, हिरवे दिसले ना, म्हणजे झाले!' हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मदत करावीशी वाटणे चांगलेच आहे. पण मी बोलले असते तर त्यांची अडचण तेवढ्यापुरती सुटली असती, आणि गावोगावच्या बाकी सभासदांची मला कधी कळली नसती. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिले होते की 5 माणसांना एखादी वेबसाइट वापरताना नीट पाहिले तरी बहुतेक अडचणी समोर येतात. मला त्यातला आकडा धीर देणारा वाटतो. 5 माणसे तर कुणालाही गाठता येतात. घरची दोन, शेजारची दोन, जिन्यात भेटलेले एक. त्या काकूंच्या शेजारी बसल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली, जी माझ्या मोठ्या पडद्यावर महिनाभर दिसली नव्हती. ओळींमधले अंतर आम्ही इंग्रजी मजकुरावर बेतले होते. त्यामुळे 'वर्ष'वरचा रफार आणि 'मुदत'मधला उकार कापला जात होता. काकू चष्मा पुढे-मागे करत होत्या, आणि दोष चष्म्याचा नव्हता.

तुमचे काम वेगळे असेल. तुम्ही शाळेत परीक्षेची सूचना लिहीत असाल, दवाखान्यात केसपेपर देत असाल, किंवा घरून निघता निघता आईला नवा फोन शिकवत असाल. आज एकदा, फक्त पाच मिनिटे, त्या माणसाच्या शेजारी बसून पाहा. बोट कुठे थांबते, कपाळावर आठी कधी येते, एवढेच. लगेच सांगायला जाऊ नका. आमच्या ॲपमध्ये आम्ही पुढे त्या बटणावर 'पैसे भरा' असे लिहिले. 'तुमचे 500 रुपये जमा झाले' ही ओळ आता तारीख-वेळेसह ठळक येते आणि आपण बंद करेपर्यंत जागची हलत नाही. ॲप सुरू झाल्यावर मी पुन्हा शाखेत गेले, तेव्हा त्याच काकू बाकावर होत्या. त्यांनी ती ओळ बोट फिरवत वाचली आणि फोन पिशवीत ठेवला. खिडकीशी मात्र गेल्याच, पासबुक छापून घ्यायला. या वेळी त्यांनी काहीच विचारले नाही. नुसते पासबुक पुढे केले आणि हसल्या.