सोसण्याचें पुण्य

सहनशीलता हा सद्गुण आहे, याविषयीं फारसा मतभेद आढळत नाहीं. परंतु टाळतां येण्यासारखी वेदना न टाळतां सोसणें हाही सद्गुणच काय, या प्रश्नाचें उत्तर तितकें सोपें नाहीं. दाढ काढण्यापूर्वीं बधिरतेची सुई नको म्हणणारे, 'एवढ्याशा दुखण्याला औषध कशाला?' असें विचारणारे लोक आपल्या समाजांत आजही भेटतात. त्यांच्या बोलण्यांत निव्वळ हट्ट नसतो. वेदना मनुष्याला घडविते, ही फार जुनी श्रद्धा त्यामागें उभी असते. या श्रद्धेची पारख करण्यास जागच्या जागीं बधिरता आणणारीं औषधें फार उपयोगी आहेत. पूर्ण भुलीमध्यें मनुष्यच निजतो, त्यामुळें सोसण्याचा प्रश्नच उरत नाहीं. येथें मात्र मनुष्य जागा असतो आणि वेदना तेवढी निजते.

ही कल्पना आपल्याला अपरिचित नाहीं. ठणकत्या दाढेंत लवंगेच्या तेलाचा बोळा धरणें हा घरोघरचा उपाय आहे. अक्कलकरा चघळला असतां जीभ बधिर होते, हेंही जुन्या माणसांना ठाऊक असे. परंतु शस्त्राच्या धारेपुढें टिकेल अशी बधिरता हातीं आली ती १८८४ सालीं. कोकाच्या पानांतून काढलेल्या कोकेननें जीभ बधिर होते, ही नोंद आल्बर्ट नीमान या जर्मन रसायनज्ञानें १८६० सालींच केली होती. पण त्या नोंदीचा अर्थ ओळखण्यास जवळजवळ पाव शतक लागलें. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरानें कोकेनचें द्रावण प्रथम प्राण्यांच्या व मग स्वतःच्या डोळ्यांत घातलें, आणि आरशांत पाहून टांचणीचें डोकें बुबुळास लावलें. स्पर्श दिसत होता, पण जाणवत नव्हता. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेंत हा शोध जाहीर झाला. कोलरजवळ प्रवासाला पुरेसे पैसे नसल्यामुळें त्याचा निबंध दुसऱ्यानें वाचून दाखविला.

या वरदानाची किंमतही लवकरच कळली. न्यूयॉर्कचा शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यानें कोकेनचे प्रयोग स्वतःवर केले, आणि त्यांतून जडलेल्या व्यसनाची झळ त्याला जन्मभर लागली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं आइनहॉर्न यानें नोव्होकेन तयार केलें. १९४३ सालीं स्वीडनमध्यें लोफग्रेन व लुंडक्विस्ट यांनीं लिडोकेन सिद्ध केलें, आणि आज मलमांत, फवाऱ्यांत व सुयांत तेंच फार ठिकाणीं वापरलें जातें. अशीं औषधें मज्जातंतूच्या आवरणांतील सोडियमच्या वाटा कांहीं काळ बंद करतात. त्यामुळें जखमेची वर्दी मेंदूपर्यंत पोंचत नाहीं. जखम असते तशीच राहते. तिचा निरोप्या तेवढा वाटेंत अडविला जातो.

ज्यांनीं हा अनुभव घेतला आहे त्यांचें वर्णन विचार करण्याजोगें असतें. ओठ जड व परक्याचा वाटतो. चिमटा ओढतो आहे, दाबतो आहे, हें समजतें. पण दुखत नाहीं. तरीही पुष्कळांची छाती धडधडत असते. म्हणजे वेदना गेली तरी भय जातेंच असें नाहीं. बधिर झालेल्या डोळ्यावर शस्त्र येत असतां न हलतां पडून राहण्यास धैर्य लागतेंच. वेदना घालविली की मनुष्य भ्याड होईल, ही भीति म्हणूनच खोटी ठरते. धैर्याचें मूळ वेदनेंत नसून वेदनेसंबंधींच्या आपल्या वृत्तींत आहे.

याहून वजनदार आक्षेप असा कीं, वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. तिला झोपविणें घातक होय. या आक्षेपांत पुष्कळ सत्य आहे. कुष्ठरोगांत हातापायांची बोटें झडतात तीं प्रत्यक्ष रोगानें सडून नव्हे, तर न जाणवलेल्या भाजण्या-कापण्यानें, हें पॉल ब्रँड या शस्त्रवैद्यानें वेल्लोर येथील आपल्या कार्यांत दाखवून दिलें. मधुमेह्याच्या बधिर तळव्याची कथाही तशीच आहे. दंतवैद्याकडून परतलेलें मूल आपलाच बधिर ओठ चावून रक्तबंबाळ करतें. तीव्र मलम अंगावर दूरवर फांसून वर प्लॅस्टिक गुंडाळल्यास तें रक्तांत भिनून मेंदूवर व हृदयावर आघात करूं शकतें. परंतु यावरून मर्यादा सिद्ध होते, निषेध नव्हे. पहारेकऱ्यानें हांक मारावी आणि आपण उठावें, हें योग्यच. पण चोर दिसल्यावरही त्यानें रात्रभर ओरडत राहावें, असा आग्रह कोणी धरीत नाहीं.

आतां प्रश्नाचा खरा गाभा येतो. सोसण्याचा उपदेश बहुधा कोण कोणाला करतो? नवजात अर्भकाला वेदना कळत नाहींत, किंवा कळल्या तरी आठवत नाहींत, अशा समजुतीनें विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणीं त्यांच्यावर अगदीं अपुऱ्या भुलींत शस्त्रक्रिया होत असत. कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें ही समजूत हादरली: त्या इवल्या देहांत वेदनेचे सर्व परिणाम उमटत होते, आणि पुरेसें औषध दिल्यावर तीं बालकें अधिक सुखरूप राहत होतीं. त्या अर्भकांच्या सोसण्यांत पुण्य कोणतें होतें? तीं व्रतस्थ नव्हतीं. त्यांना नकार देतां येत नव्हता, एवढेंच. आणि ज्याला तें कळत नाहीं असें आपण म्हणतों, त्याला न विचारण्याची सोय आपल्यालाच झालेली असते. आजही मुलाला 'मुंगी चावेल एवढेंच' असें सांगून सुई टोंचली जाते. तासभर आधीं बधिरतेचें मलम लावून ठेवण्यास वेळ लागतो व पैसा लागतो. मुंगीची गोष्ट फुकट पडते.

सहनशीलता हा प्रथमपुरुषीं सद्गुण आहे, द्वितीयपुरुषीं नव्हे. सुईशिवाय दाढ काढवून घेणाऱ्या वृद्धाचा निर्धार आदरास पात्र होईल. पण तोच निर्धार नातवावर लादण्याचा अधिकार त्यामुळें त्याला मिळत नाहीं. 'मी सोसीन' या शब्दांत तेज आहे. 'तूं सोस' हे शब्द उच्चारण्यापूर्वीं हाताशीं असलेला उपाय आपण पुढें केला आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें स्वतःस विचारलें पाहिजे. उपाय संपल्यावरही जी वेदना उरते, ती मनुष्याच्या वांट्याला पुष्कळच आहे. सोसण्याचें पुण्य मिळविण्यास तेवढी पुरेशी आहे.