उपटण्याचे दिवस

म्हातारीचे गुडघे धरले आणि त्या वर्षी सांदवाडी, म्हणजे परसबाग, दोन सुनांच्या हाती आली. दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेपासून फार लांब नसलेलं गाव. घरामागे तुराट्यांच्या कुडानं घेरलेली जागा, कोपऱ्यात हातपंप, मागे एक जुना कडुनिंब. तोवर बी कधी टाकायचं आणि पाणी कुणाला पाजायचं हे सगळं म्हातारीच ठरवायची. सुना नुसत्या खुरपं चालवायच्या. आता तिनं मधोमध दोरी ताणली. पूर्वेचं मोठीचं, पश्चिमेचं लहानीचं.

"भांडू नका बाप्पा," ओट्यावर बसूनच तिनं बजावलं. "नळाचं पानी दोघीले चार-चार गुंड. हापशीचं लागन तेवढं घ्या. अन् अक्षय तृतीयेले तुमच्या मामंजीच्या निवदाले घरची भाजी पाह्यजे. बजारची नोको."

हे ऐकायला सोपं वाटतं ते वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून जवळपास ९०० गावं खारपाणपट्ट्यात येतात. खाली पाणी आहे, पण ते खारं. हापशी हलवावी तितकी वाहते, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही. गोडं पाणी येतं ते सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणातून, नळानं, एक दिवसाआड, तेही तासाभरासाठी. पिणं, स्वयंपाक, गुरं सगळं भागवून जे उरेल ते वाडीचं. पुढे चैत्र-वैशाख. अकोला-अमरावतीकडे त्या दिवसांत पारा ४५ च्या घरात जातो, आणि काळी जमीन उघडी राहिली तर तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात.

होळी झाली आणि लहानीनं उपटायला सुरुवात केली.

शेजारपाजारच्या बाया कुडावरून बघत राहिल्या. भेदऱ्याच्या, म्हणजे टोमॅटोच्या, झाडांना अजून हिरवी फळं होती. तिनं ती तोडून चटणीला घेतली आणि झाडं मुळासकट काढली. मेथी, पालक गेलेच. सांबार फुलावर आला होता, त्यातल्या चार काड्या धन्यासाठी ठेवून बाकीचा काढला. वालाचा वेल वाळत आला होता, तो मांडवावरून ओढून घेतला आणि शेंगा सुपात टाकल्या. वांग्याच्या ओळीत एकच झाड राहू दिलं, आणि त्यावरची सगळी फळं खुडून एकच ठेवलं. शेवटी तिच्या वाट्याच्या वाफ्यांत एवढंच उरलं: शिमग्याआधी टाकलेल्या गवारीच्या दोन ओळी, काकडीचे आठ वेल, एक लिंबू, एक गोडलिंब, कुडाला टेकलेला शेवगा आणि ते एकटं वांगं.

"काऊन व, हिरवं झाड उपटून राह्यली?" मोठी कळवळून म्हणाली. "फुलं हायेत नं त्याले."

"फुलं हायेत बाई, पन पानी नाई."

मोठीच्या बाजूला मात्र एक पान हललं नाही. हलणार तरी कसं? काटेरी वांगी तिच्या माहेरची, अंजनगावकडची. मिरची बहिणीनं आणून दिलेली. झेंडू दसऱ्याचा, त्याच्या माळा दाराला लागल्या होत्या. धोपा, म्हणजे अळू, तिच्या पहिल्या बाळंतपणापासूनचा. भेदरं फुललेली. पपईला नुकतीच फळं धरलेली. जे आपल्या हातानं लावलं आणि हिवाळाभर ज्यानं घर खाऊ घातलं, ते उन्हाळा आला म्हणून उपटून टाकायचं, हे तिच्या मनाला पटेना. मोठीला अडाणी ठरवायला मी तयार नाही. आपल्यातल्या बहुतेकांची घरं बघा, माळे बघा, डोक्यावर घेतलेली कामं बघा.

कडुनिंब त्या दिवसांत पान गाळतो. रोज सकाळी अंगणभर पिवळा सडा पडतो आणि घरोघरी तो झाडून पेटवून देतात. लहानी तो टोपल्यात भरून वाफ्यावर आणून पसरू लागली. गोठ्यात गुरांनी तुडवलेलं, खाऊन उरलेलं कुटार मिळालं तेही टाकलं. चांगलं कुटार मागितलं असतं तर नवऱ्यानं ते बैलांच्या तोंडचं म्हणून दिलं नसतं. गोडलिंबाच्या आळ्यात, काकडीच्या बुडाशी, वीतभर थर झाला. तो बाजूला सारून बोट घातलं तर खाली दुपारीही ओल लागायची.

काकडीसाठी तिनं मागच्या अक्षय्य तृतीयेच्या दोन घागरी काढल्या होत्या. गळ्यापर्यंत जमिनीत पुरल्या आणि प्रत्येकीभोवती चार ठिकाणी बी टोचलं होतं. घागरीत नळाचं पाणी भरायचं आणि वर मातीचं झाकण ठेवायचं. भाजल्या मातीचं भांडं पाझरतं, मुळं त्याला येऊन बिलगतात, आणि उन्हाच्या हाती काही लागत नाही. चीनमध्ये फान शंगची नावाच्या जाणत्यानं ही रीत २००० वर्षांपूर्वी शेतीच्या पोथीत लिहून ठेवली, तीही अशीच, मधे मडकं आणि भोवती चार वेल. लहानीला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. तिच्या घरी माठ ठेवायच्या जागी जमीन कायम ओली असायची, तेवढं तिनं पाहिलं होतं.

गवारीला मात्र ती बिनधास्त हापशीचं पाणी द्यायची. भाज्यांमध्ये गवार खारं पाणी चांगलं सोसते. म्हणून तर तिनं दोन ओळी भरून तीच लावली होती, आणि बी टाकताना वरंब्याच्या माथ्यावर न टाकता उताराच्या कमरेला टाकलं होतं. सासू असंच टाकायची. का टाकायची ते सासूनं कधी सांगितलं नव्हतं.

ते कळलं पाडव्याला. मोठीचा मुलगा अकोल्याला, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकत होता. सणाला घरी आला. तोवर मोठीच्या वाफ्यांची दशा झाली होती. चार गुंड पाणी चाळीस-पन्नास झाडांना वाटून प्रत्येकाच्या वाट्याला तांब्यादोनतांबे येत, ते वरच्या दोन बोटांतच जिरे. उरलेली तहान ती हापशीनं भागवायची. संध्याकाळी हात भरून येईस्तोवर हापसायची, सऱ्या तुडुंब करायची. पानांच्या कडा करपल्या की तिला वाटे पाणी कमी पडलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी हापसायची. भेदऱ्यांची फुलं रात्रीच्या उकाड्यानंच गळत होती, तरी तीही तिला तहानच वाटे.

पोरगं वरंब्यापाशी उकिडवं बसलं. माथ्यावर पांढुरका पापुद्रा धरला होता, खरवडला की पीठ पडावं तसा. त्यानं बोटावर घेऊन जिभेला लावला.

"आई, हे मीठ हाये."

"मीठ कुठून आलं?"

"तूच टाकून राह्यली. रोज." मग त्यानं काडीनं दाखवलं. सरीतलं पाणी माती शोषून वर घेते, ते वरंब्याच्या माथ्याला येतं. तिथं ऊन पाणी नेतं, खार तिथंच राहतो. रोज पाणी, रोज थोडा खार. झाड नेमकं माथ्यावर. मातीत खार वाढला की ओल असूनही मुळाला ती ओढता येत नाही. "काकूची गवार पाह्य, कमरेले हाये. खार वर गेला, झाड खाली राह्यलं."

"मंग पानी नोको देऊ काय?"

"खारं देऊ नोको. नळाचं दे. पन चार गुंडात एवढी झाडं नाई जगत, आई. निम्मी काढ."

"कोनती काढू थे सांग."

त्यानं झेंडूकडे बोट केलं. तिनं दसऱ्याची गोष्ट सांगितली. मिरचीकडे केलं, तर बहिणीची. धोप्याकडे बोट जाण्याआधीच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ती गोष्ट त्याचीच होती. पोरगं उठलं, हातपाय धुतले, आणि पुरणपोळी खाऊन दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या गाडीत बसलं.

पुढचं लवकर झालं. आधी पपईनं फळं टाकली. धोपा वाळून जमिनीला चिकटला. मिरची, झेंडू. वांग्यांनी सगळ्यांत जास्त दम धरला. मोठी त्यांना स्वतःच्या अंघोळीचं पाणीही घालायची. वैशाख लागायच्या आत तीही गेली.

अक्षय्य तृतीयेला कुंभाराकडून नवी घागर आली. चिंचवणी झाली, कुरडया तळल्या. म्हातारीनं पाट मांडून दोघींना हाक मारली. लहानीच्या सुपात कोवळी गवार होती, पाच काकड्या, शेवग्याच्या शेंगा, फोडणीला गोडलिंब. मोठी रिकाम्या हातांनी उभी होती. म्हातारीनं कुणाकडे पाहिलं नाही. "एका घरचंच हाये थे," म्हणाली आणि गवार निवडायला मोठीच्याच पुढ्यात सरकवली.

जेवणं झाल्यावर मोठी वाफ्यात जाऊन वाळक्या पऱ्हाट्यांसारखी झालेली वांग्याची खोडं काढत बसली. झाडं गेली याचं तिला आता वाटत नव्हतं. बी गेलं होतं. फळ आलं की खायला, उरलं की वाटायला, आणि शेवटी-शेवटी झाड वाचवण्याच्या नादात पिकायला एकही ठेवलं नव्हतं. माहेरी भावानं वाडी मोडून खोल्या काढल्या होत्या. तिथं आता वांगं नव्हतं.

लहानी मागून आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती, राखेत घोळलेल्या बियांची.

"हे काय?"

"तुमचंच. दोन वर्साआधी तुमी मले रोपं देलती नं."

"तू तं समदी उपटली होती."

"उपटली. पन एक पिकू देलं होतं पयले. चांगलं पिवळं होईस्तोवर. मंग बी धुतलं अन् थेही झाड काढलं."

मोठी बराच वेळ पुडी उघडून पाहत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वर्सी तू सांग मले, कोनतं उपटू अन् कोनतं ठेवू."

"थे मी कशी सांगू, बाई? मी तं तुमचा धोपाही उपटला असता."

मृग बरसला, वरंब्यांवरचा बराच खार धुऊन गेला. पुडीतल्या बियांतून निम्म्याच्या वर उगवलं. दोरीच्या दोन्ही बाजूंना वांगी लागली आणि दिवाळीत भरली वांगी झाली. धोप्याचा एक कंद मातीत जिता राहिला होता, तोही फुटला.

फाल्गुन आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठी खुरपं घेऊन वाफ्यात शिरली. ओट्यावरून म्हातारीला नीट दिसेना, नुसते झाड ओढल्याचे आवाज येत होते. तिनं विचारलं, "काय ठेवलं व यंदा?"

"गवार," मोठी आतून म्हणाली. "काकडी. गोडलिंब. धोपा ठेवला, त्याले मोरीचं पानी लावलं. अन् एक वांगं, पिकाले."