बिस्किटांची खतावणी

पडद्याच्या डाव्या अंगाला एक भले मोठे बिस्कीट असते. त्यावर माउसची टिचकी मारली की खात्यात एक बिस्कीट जमा होते, दुसरी मारली की दुसरे, आणि अशी पंधरा जमली म्हणजे ती खर्ची घालून एक पंजा विकत घेता येतो, जो आपल्या वतीने दर दहा सेकंदांनी एक टिचकी मारीत राहतो. शंभर जमली की एक आजी मिळते. ती सेकंदाला एक बिस्कीट भाजते. अकराशे जमली की शेत मिळते आणि त्यात चक्क बिस्किटांचे पीक येते. मग खाण, कारखाना, पेढी, देऊळ, आणि पुढेपुढे तर काळयंत्रसुद्धा. ह्या खेळात जिंकणे नाही, हरणे नाही, प्रतिस्पर्धी नाही, आणि एवढ्या बिस्किटांचे अखेर होते काय, हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या भाच्याने मला तो दाखवला, तेव्हा "ह्यात करायचे काय?" असे मी विचारले आणि "काही नाही मामा, वाढवत राहायचं," असे उत्तर आले. त्या उत्तराला मी मनातल्या मनात हसलो; आणि त्याच रात्री, घरातली सर्व माणसे निजल्यावर, साडेबाराच्या सुमारास, आपली चाळिसावी आजी परवडण्यास अजून किती अवकाश आहे ह्याचा अदमास घेत मी त्याच्या लॅपटॉपपुढे बसलेला होतो, ही गोष्ट कबूल करूनच पुढचा मजकूर लिहिलेला बरा.

'कुकी क्लिकर' हे त्या खेळाचे नाव. ज्युलियाँ तिएनो नावाच्या फ्रेंच तरुणाने तो २०१३ च्या ऑगस्टात एका संध्याकाळच्या बैठकीत लिहिला आणि सहज म्हणून लोकांपुढे टाकला. काही तासांतच हजारो माणसे त्यावर टिचक्या मारू लागली. हा गृहस्थ 'ऑर्तेय' ह्या टोपणनावाने वावरतो. फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थ पायाचे बोट असा आहे. जगभरच्या हातांच्या बोटांना वेठीस धरणारा खेळ पायाच्या बोटाने निर्माण करावा, हा योगायोग मला मोठा समर्पक वाटतो.

परंतु ह्या घराण्याचा मूळ पुरुष शोधू गेल्यास थोडे मागे जावे लागते, आणि तेथे जे आढळते ते अधिक उद्बोधक आहे. २०१० साली अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील अध्यापक इयन बोगोस्ट ह्यांनी, त्या वेळी फेसबुकवर बोकाळलेल्या शेतीच्या खेळांची टर उडवावी म्हणून, 'काऊ क्लिकर' नावाचा एक खेळ रचला. त्यात एक गाय असे. तिच्यावर टिचकी मारायची आणि पुढच्या टिचकीसाठी सहा तास थांबायचे, एवढाच त्याचा विस्तार. खेळातील नाणी मोजून नव्या गायी घेण्याची सोय होती, आणि त्यांतील एक तर पहिलीच गाय, फक्त तोंड उलट दिशेला केलेली, अशी होती. किंमत अडीच हजार नाणी. विनोद इतका उघडा असूनही हजारो लोक मनोभावे गायीवर टिचक्या मारू लागले. शेवटी वैतागलेल्या कर्त्याने २०११ च्या सप्टेंबरात सर्व गायी एकदम स्वर्गवासी करून टाकल्या. पडद्यावर उरली ती मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवरही लोक टिचक्या मारीत राहिले.

विडंबनाची अशी फजिती का व्हावी? केशवकुमारांची 'झेंडूची फुले' वाचून, ज्या कवितेची थट्टा केली तिच्याच नादी लागलेला वाचक माझ्या पाहण्यात नाही. कारण काव्याचे विडंबन हे त्या काव्याहून निराळी वस्तू असते. यंत्राची गोष्ट तशी नाही. पाणी उपसणाऱ्या रहाटाची थट्टा करण्यासाठी जर कोणी हुबेहूब रहाटच उभारला, तर कर्त्याच्या मनात थट्टा असली तरी रहाट पाणी उपसावयाचे थांबत नाही.

आता ह्या रहाटाच्या आत थोडे डोकावणे भाग आहे. कुकी क्लिकरमधील कोणतीही वस्तू एकदा घेतली की तिच्या पुढच्या नगाची किंमत शेकडा पंधराने वाढते. पहिली आजी शंभर बिस्किटांना, दुसरी एकशे पंधराला. दहावी साडेतीनशेच्या आसपास, पन्नासावी चौऱ्याण्णव हजारांच्या घरात, आणि शंभरावीला सुमारे १० कोटी २१ लाख बिस्किटे मोजावी लागतात. उलट प्रत्येक नव्या आजीची मूळ कमाई पहिलीइतकीच, म्हणजे सेकंदाला एक. खर्च भूमितिश्रेढीने चढतो आणि आमदनी गणितश्रेढीने. माणसांची संख्या आणि धान्याचा पुरवठा ह्यांविषयी माल्थसने १७९८ साली जी भीती घातली, तिचेच हे खेळण्यातले रूप आहे, आणि त्याची सांगता दुष्काळात व्हावी असे कागदावर दिसते. तसे होत नाही. कारण नेमकी आजी परवडेनाशी झाली की शेत आवाक्यात येते, शेत महागले की खाण, आणि मधूनमधून उत्पादन एकदम दुप्पट करणारी एखादी सुधारणा विक्रीस येते. कुठलीही वस्तू कायमची स्वस्त राहू नये आणि पुढची वस्तू कधीही हाताबाहेर जाऊ नये, अशा बेताने तो उतार बांधलेला आहे. "एवढी एक घेतो आणि उठतो," असे भाचा त्याच्या आईला तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा तो खरेच बोलत होता.

ह्या प्रकाराची मीमांसा करताना विद्वान लोक स्किनरच्या कबुतरांकडे बोट दाखवतात. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर ह्यांनी १९५७ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले: किती टोचा मारल्यावर दाणा मिळेल हे निश्चित नसले म्हणजे कबूतर टोचण्याचे थांबतच नाही. कुकी क्लिकरमध्ये ह्या तत्त्वाचाही अंश आहे. पाच ते पंधरा मिनिटांच्या दरम्यान केव्हातरी एक सोनेरी बिस्कीट अवचित उगवते, काही क्षणच टिकते, आणि ते वेळीच टिपले तर कधी कधी सत्त्याहत्तर सेकंदांपुरते उत्पादन सातपट होते. पण ही उपपत्ती मला पुरी पडत नाही. मटक्याच्या आकड्यात किंवा सोरटीत जो अनिश्चिततेचा दंश असतो, तो ह्या खेळाचा प्राण नव्हे. येथील बहुतेक सर्व व्यवहार पंचांगासारखा आधी ठरलेला आहे. चाळिसावी आजी किती वेळाने परवडेल हे मी कागदावर भागाकार करून काढले होते, आणि माझे उत्तर बरोबर आले ह्याचाच मला आनंद झाला. कबुतराला हा आनंद ठाऊक नसावा.

येथे मला माझी स्वतःची हकिगत थोडी सांगितली पाहिजे. मी बत्तीस वर्षे एका सरकारी कचेरीच्या हिशेब शाखेत काढली. एका वर्षअखेरीस रोजकीर्द आणि खतावणी ह्यांच्यात तीन रुपये चाळीस पैशांचा फरक आला. तेवढ्यासाठी मी आणि माझा सहकारी सलग दोन दिवस, रात्री नवापर्यंत दिव्याखाली बसून, बाराही महिन्यांची पाने उलटीत होतो. अखेर फेब्रुवारीच्या एका पानावर जमेची एक रक्कम नावे पडलेली सापडली. आम्ही लाल शाईने दुरुस्ती केली, मेळ बसला, साहेबांनी न वाचता सही केली, आणि ते दप्तर बासनात बांधले जाऊन दप्तरखान्यात गेले, जेथून ते पुन्हा कोणी काढले असेल असे मला वाटत नाही. श्रम व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही. पण ते कोठे जमा झाले, हे आजतागायत मला कळलेले नाही. आणि मी म्हणजे काही विशेष दुर्दैवी प्राणी नव्हे. पंचवीस वर्षे वर्ग शिकविणाऱ्या शिक्षकाला, रोज दोन वेळा चूल सांभाळणाऱ्या गृहिणीला, अर्जांची आवक-जावक लिहिणाऱ्या कारकुनाला, आज केलेल्या कामाची नोंद आजच्या आज, बिनचूक, आपल्या नावावर झालेली पाहण्याचे भाग्य क्वचितच लाभते.

ह्या खेळात ते लाभते. टिचकी आणि जमा ह्यांच्यामध्ये ना टेबल, ना शेरा, ना वरिष्ठांची मर्जी. म्हणून ह्या खेळाचे व्यसन मला लोभाचे व्यसन वाटत नाही. बिस्किटांचा लोभ कोणाला असणार? ते हिशेब चोख लागण्याचे व्यसन आहे. आणि ज्या समाजात श्रमांचा हिशेब इतका गचाळपणे ठेवला जातो, त्यात अशी एक खोटी का होईना, पण स्वच्छ वही उघडून बसण्याची ओढ माणसाला लागावी, ह्याबद्दल त्याला मूर्ख ठरविण्याची घाई मी करणार नाही. ह्याच युक्तीचे पुढे जे व्यापारीकरण झाले, म्हणजे आधी खेळणाऱ्याला मुद्दाम तिष्ठत ठेवायचे आणि मग न तिष्ठण्याचे पैसे घ्यायचे, हा जो फोनवरच्या पुष्कळ खेळांचा धंदा आहे, त्याची गोष्ट वेगळी. ती सरळ सरळ लुबाडणूक आहे आणि तिच्यावर तात्त्विक चर्चा करण्याचे कारण नाही.

मात्र ह्या चोख वहीत एक व्यंग आहे, आणि ते ध्यानात यायला मला तीन रात्री लागल्या. पहिली पंधरा-वीस मिनिटे गेली की हाताची गरज संपते. आज्या भाजतात, शेते पिकतात, कारखाने चालतात. माझ्या टिचकीने जी भर पडते ती एकूण रकमेच्या अपूर्णांकातही धरण्याजोगी राहत नाही. म्हणजे श्रमांची नोंद व्हावी म्हणून जी वही उघडली, तिच्यातून श्रम निघून जातो आणि नुसती नोंद उरते. खेळाची खिडकी मिटली की प्रारंभीच्या काळात आज्या काम थांबवतात, म्हणून भाच्याने लॅपटॉप रात्रभर उघडा ठेवला होता. वर धूळ बसू नये म्हणून त्यावर माझा धुतलेला पंचा घातलेला. पहाटे पाणी प्यायला उठलो तर पंच्यातून उजेड पाझरत होता आणि आत, कोणी पाहत नसताना, आकडा वाढत होता.

तो आकडाही लवकरच आकडा राहत नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त संख्यास्थानांची अठरा नावे दिली आहेत: एक, दश, शत येथून सुरुवात करून कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी चढत चढत ती परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर, थांबतात. ११५० च्या सुमारास एवढ्यात भागत असे. नेटाने खेळणारा बिस्किटवाला हा परार्ध मागे टाकून जातो आणि पुढे ज्या नावांच्या आकड्यांत वावरतो, ती नावे त्याच्याही जिभेवर बसलेली नसतात. एक महापद्म, म्हणजे एक लाख कोटी, बिस्किटे भाजून झाली की त्याला देहत्यागाची परवानगी मिळते: सर्व आज्या, शेते, पेढ्या विसर्जित करायच्या, शून्यावर यायचे आणि गाठीला बांधलेल्या पुण्याईच्या जोरावर पुढील जन्मी थोडे अधिक वेगाने तेच करायचे. फ्रान्समधल्या एका तरुणाला पुनर्जन्माची ही तजवीज सुचावी, पण मोक्षाची सुचू नये, ह्याची मला मौज वाटली. मोक्षाची तजवीज न्यूयॉर्कच्या फ्रँक लँट्झ ह्यांनी केली. निक बोस्ट्रम ह्या तत्त्वज्ञाने २००३ साली मांडलेल्या एका कल्पनेवरून त्यांनी २०१७ मध्ये 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स' हा खेळ रचला. त्यात कागदाला लावायच्या क्लिपा करीत करीत सबंध विश्वातले द्रव्य संपते, मग यंत्राला स्वतःचेच सुटे भाग मोडावे लागतात, शेवटच्या काही क्लिपा पुन्हा पहिल्यासारख्या एकेका टिचकीने होतात, आणि खेळ थांबतो. तो संपविल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. बिस्किटांनी मला तसे कधी गप्प केले नाही.

आमच्याकडे मोजण्याचे वेड काही नवे नाही. माझ्या आईने एका चातुर्मासात लक्ष वातींचा संकल्प सोडला होता. दुपारी जेवणे आटोपली की ती ओसरीवर कापूस घेऊन बसे. शंभर वाती वळून झाल्या की जुडी बांधायची आणि एक चिंचोका पितळेच्या वाटीत टाकायचा, असे हजार चिंचोके व्हावयाचे होते. वाटीत चिंचोका पडल्याचा तो टक्क असा आवाज मला माजघरात ऐकू येई, आणि आज वाटते की त्या आवाजात आणि माझ्या टिचकीत अंतर फारसे नव्हते. लाख पुरे झाल्यावर तिने यथाविधी उद्यापन केले, मेहूण जेवू घातले, तुपात भिजवलेल्या वाती देवापुढे लावल्या, चिंचोके परसात फेकून दिले आणि वाटी घासून फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीवर नुसतीच येऊन बसली. अंगठा आणि तर्जनी पदराच्या काठाशी चाळा करीत होती. चौथ्या दिवशी मी शाळेतून आलो तर पुढ्यात कापूस होता आणि ती वाती वळत होती. "आता कशाचा संकल्प?" मी विचारले. "कशाचा नाही रे," ती म्हणाली. वाटी तिच्याजवळ नव्हती.