दिलासा कोणाचा? : कुटुंबातील ग्रंथवाचन आणि एक नैतिक प्रश्न

१

साहित्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाची आपल्या समीक्षेत विपुल चर्चा झाली आहे. साहित्य घरात काय करते, हा प्रश्न मात्र समीक्षेने बहुधा समाजशास्त्राकडे किंवा बालशिक्षणाकडे सोपवला. ग्रंथ कुटुंबाला दिलासा देतात, आशा देतात, बोध देतात, असे आपण समारंभांतून नेहमी ऐकतो. आणि ते ऐकताना समीक्षकाच्या मनात किंचित अवघडलेपण येते. या अवघडलेपणाची कारणे दोन आहेत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) ज्या दोन ध्रुवांची मांडणी केली त्यांपैकी अलौकिकतावादी ध्रुवावर उभे राहिले, तर दिलासा ही कलाबाह्य गोष्ट ठरते. लौकिकतावादी ध्रुवावर उभे राहून साहित्याकडून समाजपरिवर्तनाची अपेक्षा करणाऱ्याला तीच गोष्ट गुंगीच्या औषधासारखी संशयास्पद वाटते. म्हणजे परस्परविरोधी असलेल्या या दोन्ही भूमिका दिलाशाला क्षुद्र मानण्याबाबत एकमत होतात. असे एकमत तपासून पाहिले पाहिजे.

प्राचीन काव्यशास्त्राला हे अवघडलेपण नव्हते. दुःखाने, श्रमाने, शोकाने पिडलेल्यांना विश्रांती देणे हे भरताने नाट्याचे कार्य मानले. मम्मटाने सांगितलेल्या सहा काव्यप्रयोजनांत अशुभाचा परिहार आहे, तत्काळ लाभणारा परमानंद आहे आणि 'कान्तासंमित' उपदेशही आहे. यातील शेवटची संज्ञा येथे विशेष महत्त्वाची. वेदाची आज्ञा राजासारखी, पुराणेतिहासाचा सल्ला मित्रासारखा आणि काव्याचा उपदेश प्रिय पत्नीसारखा, ही त्रयी सर्वांना परिचित आहे. काव्याची शिकवण कशी असते हे सांगण्यासाठी शास्त्रकाराला दृष्टान्त घरातून घ्यावा लागला, हे मात्र आपल्या फारसे ध्यानात येत नाही. आणि ज्या घरातून तो घेतला, त्या घरातील कान्तेला ग्रंथ हाती धरण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न तर त्याहूनही कमी विचारला जातो. उपमान म्हणून जिला उपदेशकाचे स्थान मिळाले, ती प्रत्यक्षात बहुतेक काळ श्रोत्यांत, तीही आडोशाला, बसलेली होती.

तेव्हा प्रश्न असा मांडता येईल : कुटुंबात वाचला जाणारा ग्रंथ दिलासा देतो हे मान्य केले, तरी तो कोणाला देतो, कोणाच्या तोंडून देतो आणि त्याची किंमत कोण मोजते? दिलासा हे मूल्य आहे की नाही, हे या उपप्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ठरवता येणार नाही.

२

दिलाशासाठी कथा सांगण्याचा आपल्या परंपरेतील एक ठळक प्रसंग महाभारताच्या वनपर्वात आहे. द्यूतात सर्वस्व हरून वनात आलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, की माझ्याहून अधिक दुर्दैवी राजा कोणी पाहिला-ऐकला आहे काय. उत्तरादाखल ऋषी नलाख्यान सांगतात. पुढे द्रौपदीहरणाच्या प्रसंगानंतर असाच प्रश्न तो मार्कंडेयांना करतो आणि रामोपाख्यान व सावित्रीची कथा ऐकतो. ज्या आख्यानांनी नंतर मराठी पंडित कवींना आणि कीर्तनकारांना विषय पुरवले, त्यांची मूळ योजना एका विस्थापित कुटुंबाच्या सांत्वनासाठी झाली आहे.

या योजनेत एक नैतिक अडचण आहे. युधिष्ठिरावरची आपत्ती भूकंपासारखी कोसळलेली नाही. त्याने स्वतः फासे टाकले आहेत. आपल्यासारखाच द्यूतात हरलेला, पत्नीला रानात सोडून गेलेला आणि तरीही अखेर सर्व परत मिळवणारा नल त्याला ऐकवला जातो. अपराधाचा काही अंश ज्याच्याकडे आहे, त्याला मिळणारा हा दिलासा आहे. ज्या व्यक्तीने अपराध केला नाही आणि सर्वांत अधिक सोसले, त्या द्रौपदीने कथा मागितलेलीच नाही. तिने सभेत प्रश्न विचारला होता आणि वनात आल्यावर युधिष्ठिराशी दैव, कर्म व ईश्वराचा न्याय यांवर वाद घातला होता. त्या वादात तिच्या बोलण्याला नास्तिक्य म्हटले गेले. कुटुंब एक, आपत्ती एक. पण एकाला कथा हवी आहे आणि दुसरीला उत्तर हवे आहे. कथा मिळाली, उत्तर मिळाले नाही.

तरीही नलाख्यानाला केवळ समजूत म्हणून निकालात काढता येत नाही. कारण कथा संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, देतात. नलालाही कथेत ती ऋतुपर्णाकडून मिळालेली असते. सांत्वनाची कथा आपत्तीचे कारण नाहीसे करण्याच्या ज्ञानाशी येथे जोडलेली आहे. 'तुझ्यासारखे दुःख इतरांनीही भोगले' हा या प्रसंगाचा पूर्वार्ध असेल, तर 'तू जे अज्ञानाने केलेस ते आता जाणून घे' हा त्याचा उत्तरार्ध आहे. दिलाशाची पहिली कसोटी येथे सापडते : दुःखाचे कारण तो झाकतो की दाखवतो?

३

मराठी घरांतील ग्रंथवाचनाचा इतिहास प्रामुख्याने पोथीचा आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी श्रीधराने रचलेले 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांसारखे ग्रंथ चातुर्मासात घरोघरी वाचले गेले. मौन वाचनाची सवय पुढची. तोवर ग्रंथ म्हणजे एकाने वाचायची आणि अनेकांनी ऐकायची गोष्ट होती. या व्यवहारात दिलासा संहितेइतकाच एकत्र बसण्यातून, परिचित ओवीच्या लयीतून, फलश्रुतीच्या आश्वासनातून मिळत असे. पण कोणी वाचायचे आणि कोणी ऐकायचे याचे नियम कठोर होते. काही पोथ्यांचे पारायण स्त्रियांनी करू नये, असा संकेत होता.

हे नियम मोडले जातात तेव्हा काय होते, याची साक्ष रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) या पुस्तकात आहे. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांना शिकवायला घेतले आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. येथे पुस्तकाने कुटुंब जोडले नाही. त्याने कुटुंबात तेढ आणली. शिवाय विरोध करणाऱ्या स्त्रिया स्वतः अक्षरापासून वंचित ठेवलेल्या होत्या, आणि शिकणारी मुलगीही पतीच्या इच्छेने शिकत होती. म्हणून या प्रसंगाला एका बाजूचा विजय म्हणून वाचता येत नाही. एवढे मात्र खरे, की 'ग्रंथ कुटुंबाला आधार देतात' या विधानात कुटुंब हे एकजीव, एकमताचे असते असे गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीतक या साक्षीपुढे टिकत नाही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि त्यातच 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः आली. करमणुकीचे नाव घेऊन घरात शिरलेल्या पत्राने घरालाच प्रश्न विचारला. त्या कादंबरीचे शीर्षक फलश्रुतीच्या नेमके उलट आहे.

४

कुटुंबाच्या भावविश्वावर मोठी छाप असलेले मराठी पुस्तक म्हणून 'श्यामची आई'चा विचार येथे अपरिहार्य आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची रचना पोथीच्या श्रवणाशी नाते सांगते : प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे, आणि प्रत्येक रात्री आश्रमातील मित्रांना श्याम आईच्या आठवणी सांगतो. वाचणारा एक, ऐकणारे अनेक, हा जुना घरगुती घाट येथे कायम आहे.

या पुस्तकावर भाबडेपणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. आईचे दारिद्र्य, आजारपण, कर्जापायी झालेली अप्रतिष्ठा हे सर्व मुलाच्या चारित्र्यघडणीचे साधन ठरते. दिलासा मिळतो तो ऋण फेडता न आलेल्या मुलाला, आणि आई तो घेण्यासाठी उरलेली नसते. द्रौपदीच्या बाबतीत जे दिसले तेच येथे दिसते : दुःख एकीचे, कथा दुसऱ्याची.

हा आक्षेप खरा आहे. पण पुरेसा नाही. पहिल्याच रात्री सावित्रीव्रताचा प्रसंग आहे. आजारी आईऐवजी वडाच्या प्रदक्षिणा घालायला श्यामला जावे लागते आणि बायकांचे काम करण्याची त्याला लाज वाटते. चांगल्या कामाची लाज कशाची, असे आई त्याला समजावते. मार्कंडेयांनी युधिष्ठिराला ऐकवलेली सावित्री येथे कोकणातील एका अंगणापर्यंत आली आहे. परंतु पतीसाठी स्त्रीने करायचे व्रत मुलाच्या पायांनी पूर्ण होत आहे. व्रताचा अर्थ कोणी तपासत नाही, ही मर्यादा उघड आहे. तरी मुलाला आईच्या जागी उभे करणे, काही फेऱ्यांपुरते का होईना, ही लहान गोष्ट नव्हे. बोध येथे वचनात नसून स्थानबदलात आहे. दुसरी कसोटी यातून निघते : ग्रंथ ऐकणाऱ्याला त्याच्या जागेवरच बसवतो, की दुसऱ्याच्या जागी नेतो?

५

या प्रश्नाचे सर्वांत तीक्ष्ण रूप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका आठवणीत आढळते. 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये त्यांनी लिहिलेली प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत समाविष्ट झाली नव्हती. ती नंतर प्रकाशात आली. तीत त्यांनी बालपणीच्या घरचे वर्णन केले आहे. वडील कबीरपंथी, धार्मिक ग्रंथांचे वाचक. बहिणींना आणि घरी जमणाऱ्या इतरांना रामायण-महाभारताचा भाग रोज वाचून दाखवण्याचे काम त्यांनी आपल्या मुलांकडे दिले होते, आणि हा क्रम पुष्कळ वर्षे चालला. पुढे परीक्षेतील यशाबद्दल झालेल्या सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र (१८९८) त्यांना भेट दिले. ते वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारे ग्रंथ तुम्ही आम्हांला का वाचायला लावता. वडिलांना प्रश्न आवडला नाही. पण नंतर त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य, म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव. तो घालवण्यासाठी हे ग्रंथ. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती उंच गेले, वाल्मीकी कोळी असून रामायणकर्ता झाला, हे पाहा.

या उत्तराची थोरवी आणि अपुरेपण दोन्ही ध्यानात घेतली पाहिजेत. ज्या संहितेत आपल्या अवमानाचे समर्थन आहे, तिच्यातूनच मुलांसाठी आशा वेचून काढणारा हा पिता सामान्य वाचक नाही. संहितेच्या प्रवाहाविरुद्ध वाचण्याची जी रीत आज आपण सिद्धान्ताच्या परिभाषेत शिकवतो, ती त्याला गरजेने साधली होती. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचे आंबेडकरांनीही नोंदवले आहे. पण त्यांचे समाधान झाले नाही. कारण असे म्हणता येईल, की ही आशा अपवादांवर उभी होती. एखादा कर्ण वर येतो, यातून अनेकांना खाली ठेवणारी व्यवस्था न्याय्य ठरत नाही. उलट अपवादाकडे पाहत राहिल्याने ती नजरेआड होण्याचा धोका असतो. पहिल्या कसोटीवर हा दिलासा अपुरा पडतो. तो देणाऱ्याच्या सद्भावाविषयी मात्र शंका घेता येत नाही. सद्भाव आणि सत्य यांची अशी फारकत होऊ शकते, हीच दिलाशाच्या नैतिकतेतील खरी अडचण आहे.

आणखी एक तपशील निर्णायक आहे. या घरात वडिलांनी ग्रंथ मुलांच्या हाती दिला होता. ऐकणाऱ्याला कथा मिळते. वाचणाऱ्याला संहिता मिळते, तिचे दुवे व विसंगती दिसतात. आशेसाठी लावलेल्या वाचनाने प्रश्न विचारणारा वाचक घडवला. वडिलांनी अगोदर प्रश्न झिडकारला आणि मग उत्तर दिले, यातील 'मग' फार मोलाचा आहे. तिसरी कसोटी हीच : ज्याला दिलासा दिला, त्याला 'माझे समाधान झाले नाही' असे म्हणण्याची मुभा त्या घरात आहे का?

६

या विवेचनातून दिलाशाचा त्यागही निघत नाही आणि गौरवही निघत नाही. दिलासा हा केवळ संहितेचा गुण नसून वाचणारा, ऐकणारा आणि दुःखाचे कारण यांच्यातील संबंध आहे, एवढे म्हणता येते. म्हणून तोच ग्रंथ एका घरात आधार आणि दुसऱ्या घरात अपमान ठरू शकतो. एकाच घरातही एकाला आधार आणि दुसरीला गप्प बसण्याचा इशारा ठरू शकतो. समीक्षेने 'हे पुस्तक काय देते' या प्रश्नाबरोबर 'ते कोण कोणाला वाचून दाखवते' हाही प्रश्न आपल्या कक्षेत घेतला पाहिजे. संहिताकेंद्री समीक्षेला तो परका वाटेल. परंतु कान्तासंमित उपदेशाची कल्पना स्वीकारताना आपण तो नकळत स्वीकारलेलाच आहे.

आंबेडकरांचा तो अखेरचा ग्रंथ आज वर्षावासात असंख्य घरांतून वाचला जातो. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, हा घाट पुन्हा जमला आहे, आणि त्याबरोबर जुना धोकाही आला आहे : ग्रंथ पोथी होण्याचा. या ग्रंथाने त्यावरचा उपाय मात्र आपल्यापरीने आधीच योजला आहे. सिद्धार्थाची परिव्रज्या, आर्यसत्ये, आत्मा-कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन यांविषयीच्या अडचणी लेखकाने प्रारंभीच मांडल्या आहेत आणि वाचकांनी त्यांचा विचार करावा अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. फलश्रुती शेवटी येते. येथे प्रश्न आरंभी आले आहेत. ज्या घरात हा ग्रंथ वाचला जाईल तेथे एखाद्या मुलीने वाचन थांबवून शंका विचारली, तर तिला मिळणाऱ्या वागणुकीवरून त्या घराला लाभलेला दिलासा कोणत्या प्रतीचा आहे हे ठरेल.