कोवळे ऊन दारी येते तेव्हा



सूर्यास्त पाहायला आपल्या कोर्लईला लोक लांबून येतात. दीपगृहाच्या रस्त्याला गाड्या लावतात, समुद्रात बुडणारा लाल गोळा बघतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत मुरुडचा नाहीतर अलिबागचा रस्ता धरतात. सकाळचा सूर्य मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. तो खाडीच्या अंगाने, पलीकडच्या डोंगरांवरून येतो आणि हळूच आपल्या घरांत शिरतो. त्याला बघायला कुणी गाडी करून येत नाही.

मेअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासात होतात. डोंगर आडवे असल्याने ऊन दारात पोचायला आणखी थोडा वेळ. पण थंडीतले हे ऊन तिरके असते. सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे पडवी ओलांडून, उंबऱ्यावरून ते थेट माजघराच्या भिंतीपर्यंत जाते. जिथे एरवी वर्षभर दिवा लावावा लागतो तिथली वेदी, तिथला माउंट कार्मेल मातेचा फोटो अर्धा तास उजळून निघतो. मांजर ती जागा बरोबर ओळखते. घरातला म्हातारा माणूसही ओळखतो. बाकीच्यांना शाळेची, बाजाराची, आठच्या एसटीची घाई असते.

आज मला माझीच एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

मागे एका आजींना मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन द्यायला जात असे. पाय गेलेले, दृष्टी अगदी अधू झालेली. नातवंडांशी नौ लिंगमध्ये बोलायच्या, माझ्याशी मराठीत. मी जायचो दुपारी चारनंतर. सकाळी मिस्सा, मग ऑफिसची कामे, मग जेवण आणि थोडी झोप, असा माझा दिवस ठरलेला. चार वाजता त्यांच्या खोलीत अंधार असे. मी ट्यूबलाइट लावायला सांगे, प्रार्थना म्हणे आणि डबीतून पवित्र भाकर काढून त्यांच्या जिभेवर ठेवी. अशी दोन वर्षे गेली. त्या कधी काही बोलल्या नाहीत.

एका डिसेंबरात मला दुपारी बाहेरगावी जायचे होते म्हणून मी सकाळी आठला गेलो. त्यांची खाट खिडकीशी होती आणि तिच्यावर ऊन आले होते. मी भाकर वर धरली तेव्हा त्या एकदम ताठ बसायला धडपडू लागल्या. मी म्हटले, “आजी, काय होतंय?” त्या म्हणाल्या, “फादर, आज दिसला. आज माझा देव मला दिसला.” मग थोड्या वेळाने, अगदी संकोचून, “तुम्हाला जमलं तर सकाळचेच येत जा. दुपारी मला नुसता तुमचा हात दिसतो.”

दोन वर्षे! माझ्या सोयीच्या वेळेमुळे एक म्हातारी बाई ज्याची महिनाभर वाट पाहायची त्याला न पाहताच स्वीकारत होती. तिने मागितले नाही याचे कारण आपण सगळे जाणतो. आपली म्हातारी माणसे मागत नाहीत. “फादरांना त्रास नको,” “सुनेला त्रास नको,” एवढेच त्यांना माहीत.

नंतर मी एका डॉक्टरांना याबद्दल विचारले. ते म्हणाले, वयाबरोबर डोळ्याची बाहुली आकसते, आतले भिंग पिवळसर होते, त्यामुळे तरुणाला पुरणारा उजेड म्हाताऱ्याला पुरत नाही. दुसरेही एक सांगितले. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीरातले घड्याळ रोज नव्याने लावले जाते. दिवसा जाग आणि रात्री झोप त्यावर अवलंबून असते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते ते शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंधाऱ्या खोलीत पडून असलेला माणूस रात्रभर का हाका मारतो आणि दिवसभर का पेंगतो, याचे एक कारण इथेही असू शकते. (कोवळ्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व मिळते असे आपण सर्रास म्हणतो. डॉक्टरांच्या मते त्यासाठी लागणारे किरण सूर्य बराच वर आल्यावरच जमिनीवर पुरेसे पोचतात, आणि काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत. तेव्हा कुणाची गोळी बंद करू नका.)

आता असिसीच्या संत फ्रान्सिसची गोष्ट ऐका. सूर्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारणारे त्यांचे स्तुतिगीत जगभर माहीत आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मधल्या आपल्या पर्यावरणविषयक परिपत्रकाचे नावही त्यातूनच घेतले. पण ते गीत रचले गेले तेव्हाची परिस्थिती फारशी सांगितली जात नाही. साल होते 1225. संत फ्रान्सिस सान दामियानोच्या मठाशेजारी एका झोपडीवजा जागेत आजारी पडून होते. डोळ्यांचा रोग इतका वाढला होता की दिवसा सूर्याचा आणि रात्री शेकोटीचाही उजेड त्यांना सोसवत नसे. ज्याला ऊन डोळ्यांत घेता येत नव्हते त्याने सूर्याबद्दल देवाचे आभार मानले. तेही लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या गावच्या लोकांच्या बोलीत. नौ लिंग बोलणाऱ्या आपल्या गावाला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. पुढच्याच वर्षी, 3 ऑक्टोबर 1226 रोजी, ते प्रभूघरी गेले.

पवित्र शास्त्रात सकाळ पुन्हापुन्हा येते. संत लूकच्या पहिल्या अध्यायात म्हाताऱ्या जखऱ्याची वाचा परत येते तेव्हा तो अंधारात बसलेल्यांवर वरून उगवणाऱ्या प्रकाशाबद्दल बोलतो. त्याचे ते गीत ख्रिस्तसभा रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणते. संत मार्क सांगतो, स्त्रिया कबरेकडे गेल्या तेव्हा सूर्य उगवला होता. आणि संत योहानाच्या शेवटच्या अध्यायातला प्रसंग तर आपल्याच किनाऱ्यावर घडावा असा आहे: रात्रभर जाळे टाकून हाती काही नाही, उजाडता उजाडता किनाऱ्यावर कुणीतरी उभे आहे, निखाऱ्यांवर मासळी भाजलेली आहे, आणि तो न्याहरीला बोलावतो आहे. रात्रीच्या फुकट गेलेल्या मेहनतीबद्दल तो एका शब्दाने रागावत नाही.

संत मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की पिता आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच उगवतो. हे वचन आपण शत्रूवर प्रेम करण्याच्या संदर्भात ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात ‘आपला सूर्य’ असे म्हटले आहे, तिकडे माझे लक्ष उशिरा गेले. ऊन त्याच्या मालकीचे आहे. मागच्या रविवारी मिस्साला कोण आले होते हे तपासून ते दारात येत नाही. मग घरातल्या कुणापर्यंत ते पोचू द्यायचे आणि कुणापर्यंत नाही, हे आपण का ठरवतो?

ठरवतो, हे मी घरोघरी पाहिले आहे. नवीन घर बांधले की पूर्वेची खोली टीव्हीला जाते आणि आजारी माणसाची खाट मागच्या खोलीत, ‘येणाऱ्या-जाणाऱ्यांना बरे दिसत नाही’ म्हणून. कंपाउंडची भिंत दोन फूट वाढवताना शेजारच्या पडवीत ऊन येईल का, हे कुणी विचारत नाही. दुष्टपणा यात फारसा नसतो. माझ्या दुपारच्या चारमध्येही नव्हता.

ऊन नेहमीच हवेसे असते असेही नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आपल्या जिल्ह्यात माड-पोफळी आडव्या झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सावलीत राहिलेल्या अंगणांत दुसऱ्या सकाळी लख्ख ऊन पडले. ते बघून बायका रडल्या होत्या. आणि 16 जुलैला आपल्या मातेचा सण असतो तेव्हा पाऊस असा लागलेला असतो की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या दिवसांत मध्येच एखाद्या सकाळी उघाड पडते तेव्हा उशा, गोधड्या, ओले गणवेश, सगळे बाहेर येते. गोधडीइतकी आठवण त्या दिवशी आतल्या खोलीतल्या माणसाची राहते का, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

त्या आजींकडे त्यानंतर मी सकाळीच जात राहिलो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. चार वेळा. प्रत्येक वेळी त्या आधीच बसलेल्या असायच्या, डोक्यावर पदर, तोंड खिडकीकडे. पावसाआधी त्या गेल्या. अजून दुपारी चार वाजले की मला त्यांची खोली आठवते.

म्हणून येत्या पहिल्या शुक्रवारपासून आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला मी सकाळच्या मिस्सानंतर लगेच निघेन. खाडीकडची घरे आधी घेईन, समुद्राकडच्या घरांत ऊन उशिरा येते म्हणून ती नंतर. आदल्या दिवशी खाट खिडकीशी किंवा पडवीत आणून ठेवा. चहा-नाश्त्याची तयारी करू नका, त्यात वेळ जातो आणि ऊन सरकते. ज्यांच्या घरी खाट हलवायला माणूस नाही त्यांनी आज मिस्सानंतर दारात मला भेटावे. युवक मंडळातली दोन-तीन मुले गुरुवारी संध्याकाळी पाठवून देतो.